मंद आयनांच्या टकरीतला उजेड: मोजायचा कसा, वाचायचा कसा

हीलियमचा आयन (इलेक्ट्रॉन गमावलेला, म्हणून प्रभारित अणू) शंभर ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेने नायट्रोजनच्या रेणूवर आदळला, की बऱ्याचदा तो रेणूचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि पुढे निघून जातो. मागे राहिलेला नायट्रोजनचा रेणू-आयन कधीकधी उत्तेजित अवस्थेत असतो. मग सरासरी ६२ नॅनोसेकंदांत तो ३९१.४ नॅनोमीटरचा जांभळा फोटॉन सोडून खालच्या पातळीवर येतो. इलेक्ट्रॉन कोणत्या कक्षेतून गेला, टकरीनंतर रेणू किती वेगाने फिरत होता, कंपनात किती ऊर्जा गेली, हे सगळं त्या फोटॉनच्या तरंगलांबीत असतं. नुसते आयन मोजून यातलं फारसं काही कळत नाही.

पण त्याआधी एक गोष्ट सिद्ध करावी लागते: हा फोटॉन एका आयनाच्या एका रेणूशी झालेल्या एकाच टकरीतून आला आहे. उजेड दिसणं सोपं आहे, अवघड आहे ते हे. म्हणून या लेखाचा बराचसा भाग तपासण्यांवर आहे. शिवाजी विद्यापीठात किंवा आसपासच्या कॉलेजांत एम.एस्सी.चा प्रोजेक्ट, पीएच.डी.चं काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. ज्यांच्याकडे फक्त डिस्चार्ज ट्यूब आणि ग्रेटिंग आहे, त्यांच्यासाठी शेवटी वेगळा भाग आहे.

"मंद" म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या मानाने मंद. हायड्रोजनच्या इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे २२०० किलोमीटर धरतात. शंभर ईव्हीचा हीलियम आयन सेकंदाला ६९ किलोमीटरने जातो, तेवढ्याच ऊर्जेचा प्रोटॉन १३८ ने आणि आर्गॉनचा आयन २२ ने. आयन जवळ येत असताना इलेक्ट्रॉनांना जुळवून घ्यायला भरपूर वेळ मिळतो. क्षणभर दोघांचा मिळून एक रेणूच तयार होतो आणि या अवस्थेत ऊर्जापातळ्या एकमेकींना कुठे छेदतात यावर पुढचं सगळं ठरतं. निसर्गातही हे चालू असतं. ध्रुवीय प्रकाशात हायड्रोजनच्या रेषा दिसतात त्या वातावरणात शिरलेल्या प्रोटॉनांमुळे. १९९६ मध्ये रोसाट उपग्रहाला ह्याकुताके धूमकेतूकडून क्ष-किरण येताना दिसले, तेही सौरवाऱ्यातले जड प्रभारित आयन धूमकेतूच्या वायूतले इलेक्ट्रॉन ओढून घेतात म्हणून.

आधी कागदावर जमा-खर्च

पंप सुरू करण्याआधी वही उघडा आणि ऊर्जेचा जमा-खर्च मांडा. जमेला दोनच रकमा असतात. पहिली, आयनाला इलेक्ट्रॉन मिळाल्यावर सुटणारी ऊर्जा: हीलियमसाठी २४.५९ ईव्ही, निऑनसाठी २१.५६, आर्गॉनसाठी १५.७६, प्रोटॉनसाठी १३.६०. दुसरी, टकरीत खरोखर वापरता येणारी गतिज ऊर्जा. ती आयनाच्या पूर्ण ऊर्जेइतकी नसते. आयनाच्या ऊर्जेला लक्ष्य-रेणूच्या वस्तुमानाने गुणा आणि दोघांच्या एकूण वस्तुमानाने भागा, म्हणजे ती मिळते. नायट्रोजनवर येणाऱ्या हीलियमसाठी हा गुणक ०.८७५ आहे. हायड्रोजन रेणूवर येणाऱ्या आर्गॉनसाठी तो ०.०४८ च पडतो. म्हणजे शंभर ईव्हीचा आर्गॉन आयन हायड्रोजनवर टाकलात, तर प्रक्रियेच्या वाट्याला पावणेपाच ईव्हीच येतात. नवशिक्यांचा हिशोब सगळ्यात जास्त इथेच चुकतो.

खर्चाच्या बाजूला रेणूचं आयनन, बंध तोडणं आणि उत्तेजन. नायट्रोजनचा नुसता आयन करायला १५.५८ ईव्ही लागतात आणि ३९१.४ चा पट्टा (जवळजवळच्या रेषांचा गट) देणाऱ्या अवस्थेत न्यायला १८.७५. हीलियमकडे २४.५९ जमा असल्यामुळे ५.८४ उरतात आणि प्रक्रिया कितीही कमी ऊर्जेला शक्य असते. आर्गॉनच्या बाबतीत २.९९ ईव्हीची तूट पडते. ती गतिज ऊर्जेतून भरायची, तर आयनाला किमान ७.३ ईव्ही हवेत. त्याच्या खाली ३९१.४ दिसला, तर तो तुमच्या प्रक्रियेचा नाही. दुसरं काहीतरी आत आलेलं आहे.

हायड्रोजनचं उदाहरण जास्त गमतीचं आहे, कारण एकच रेषा तीन वाटांनी येऊ शकते. एच-अल्फा म्हणजे ६५६.३ नॅनोमीटर. त्यासाठी हायड्रोजनचा अणू तिसऱ्या पातळीवर हवा, म्हणजे १२.०९ ईव्ही. रेणू तोडायला ४.४८. हीलियमने नुसती धडक देऊन रेणू फोडला आणि त्यातला एक अणू उत्तेजित झाला, तर खर्च १६.५७. यात जमेला फक्त गतिज ऊर्जा असल्यामुळे आयन जवळपास ५० ईव्हीचा लागतो. पण हीलियमने इलेक्ट्रॉनही घेतला आणि उरलेले प्रोटॉन व उत्तेजित अणू वेगळे झाले, तर तूट ५.५८ ची, म्हणजे आयन १६.७ ईव्हीचा. आणि जाताना हीलियमने तो प्रोटॉन सोबत नेला, तर त्या बंधाचे १.८४ ईव्ही परत मिळतात आणि तूट ३.७४ वर येते, म्हणजे आयन ११.२ ईव्हीचा पुरतो. ऊर्जा हळूहळू वाढवत नेली, की आलेखात पायऱ्या दिसतात आणि कोणती पायरी कोणत्या वाटेची हे या आकड्यांवरून ओळखायचं. वही भरलेली नसेल तर त्या पायऱ्या नुसत्या वळणासारख्या दिसतात.

जमा पुरेशी आहे म्हणजे प्रक्रिया होईलच असं मात्र नाही. मॅसीच्या निकषाप्रमाणे (आयनाच्या कोणत्या वेगाला प्रक्रिया सगळ्यात जास्त होते हे सांगणारा ढोबळ नियम) उरलेली किंवा कमी पडलेली ऊर्जा जितकी मोठी, तितका हा वेग वर सरकतो. परस्परक्रियेची लांबी नेहमीप्रमाणे सात अँगस्ट्रॉम धरली, तर ५.८४ ईव्हीसाठी हा वेग सेकंदाला जवळपास हजार किलोमीटर निघतो. ६९ किलोमीटरच्या आयनाकडून मग काहीच दिसू नये. पण दिसतं, कारण रेणूंमध्ये पातळ्यांची गर्दी असते आणि कुठेतरी छेद सापडतो. मंद टकरीत अभ्यासण्यासारखं जे काही आहे ते याच फरकात आहे. मॅसीचा निकष उडवून लावू नका, पण त्यावर भरवसा ठेवून प्रयोग सोडूनही देऊ नका.

यंत्र: उद्यमनगरातून काय करून घ्यायचं

एकूण मांडणी साधी आहे: आयन स्रोत, वस्तुमान निवडणारं चुंबक किंवा विन फिल्टर (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र एकत्र वापरणारी चाळणी), ऊर्जा कमी करणाऱ्या भिंगांचा संच, वायूची छोटी पेटी, तिच्यामागे आयनांचा प्रवाह मोजणारा फॅराडे कप आणि बाजूने काटकोनात बघणारा मोनोक्रोमेटर (एका वेळी एकच तरंगलांबी निवडणारं यंत्र).

चेंबर, फ्लँज आणि वायूची पेटी बनवून घ्यायला कोल्हापूरसारखी सोय फार कमी गावांत आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे स्टेनलेस स्टीलचं चांगलं टर्निंग आणि टिग वेल्डिंग होतं. पण तिथे बहुतेक काम ऑइल इंजिनच्या आणि गाड्यांच्या पार्टचं चालतं, व्हॅक्यूमचं नाही. म्हणून ड्रॉइंगवर काही गोष्टी ठळक लिहून द्या. मटेरियल ३०४ ग्रेडचं, बार किंवा प्लेटमधूनच. ओतीव पार्ट नको, कारण ओतकामात सूक्ष्म छिद्रं राहतात आणि ती आयुष्यभर गळतात. ओ-रिंगच्या खाचेत टूलच्या खुणा गोल फिरणाऱ्या चालतील, आडवा ओरखडा एकही नको. वेल्डिंग आतल्या, म्हणजे व्हॅक्यूमच्या बाजूने सलग. बाहेरूनही पक्कं केलं तर मधल्या फटीत हवा अडकते आणि ती कित्येक दिवस निघत राहते. आतल्या बंद भोकात बसणाऱ्या स्क्रूला मधून बारीक छिद्र पाडून घ्या, कारण तेच. पितळ तापणाऱ्या भागात नको, त्यातलं जस्त उडतं. जॉब हातात आला, की कटिंग ऑइल काढायला आधी साबणाचं पाणी, मग ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. कारागिराला कारण समजावून सांगितलंत, तर तो तुमच्यापेक्षा चांगला उपाय सुचवतो. असे पार्ट करून घेताना हा अनुभव मला वारंवार आला आहे.

दुसरी स्थानिक गोष्ट म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर चेंबर उघडला, की भिंतींवर पाण्याचा थर बसतो आणि तो वर्णपटात थेट दिसतो: ३०६ ते ३०९ नॅनोमीटरच्या दरम्यान ओएच चा पट्टा, सोबत एच-अल्फा आणि ४८६.१ ची एच-बीटा. तुमचा लक्ष्य-वायू नायट्रोजन असताना हे तिघं दिसले, तर पाणी आहे असं समजा. चेंबर उघडताना कोरडा नायट्रोजन भरून उघडा, झाकण शक्य तितका कमी वेळ काढा आणि नंतर हीटिंग टेप गुंडाळून १०० ते १२० अंशांवर रात्रभर तापवा. व्हिटॉनची ओ-रिंग एवढं सहज सोसते, साधी रबरी सोसत नाही. पेटीत वायू नसताना चेंबरचा दाब पेटीतल्या दाबाच्या शंभराव्या भागापेक्षा कमी हवा.

आयन स्रोतातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा किती ठेवता याला फार महत्त्व आहे. ती जास्त ठेवली तर आयन भरपूर मिळतात, पण त्यातले काही आधीच उत्तेजित आणि दीर्घायुषी असतात. त्यांची ही ऊर्जा तुमच्या वहीत कुठेच नसते. हीलियमसाठी मर्यादा स्वच्छ आहे: दीर्घायुषी उत्तेजित हीलियम आयन तयार व्हायला ६५.४ ईव्ही लागतात, म्हणून इलेक्ट्रॉन ६० वर ठेवले की प्रश्न मिटला. ऑक्सिजनचा रेणू-आयन वापरत असाल तर जास्त जपा. त्याची दीर्घायुषी अवस्था १६.१ ईव्हीलाच सुरू होते. आयन १२.०७ ला बनतो, म्हणजे खेळायला चारच ईव्हींची जागा आहे. शंका आली तर इलेक्ट्रॉनची ऊर्जा बदलून वर्णपट पुन्हा घ्या. आयनांच्या प्रवाहाने भागल्यावर पट्ट्यांची प्रमाणं बदलली, तर आयनांत भेसळ आहे.

किती फोटॉन येतील ते आधी काढा

समजा आयनांचा प्रवाह १०० नॅनोॲम्पिअर, म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ हजार कोटी आयन. पेटीत दाब ०.०००५ मिलिबार. खोलीच्या तापमानाला याचा अर्थ दर घन सेंटिमीटरला सुमारे १२ लाख कोटी रेणू. उत्सर्जनाचा छेद (टकरीतून उजेड येण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या रूपात सांगणारा आकडा) दहाचा उणे सतरावा घात चौरस सेंटिमीटर धरा आणि एक सेंटिमीटर लांबी बघताय असं माना. गुणाकार केला की सेकंदाला साडेसात कोटी फोटॉन, सगळ्या दिशांना मिळून. भिंगात त्यातला हजारावा भाग शिरतो. आरसे, ग्रेटिंग आणि फोटोमल्टिप्लायर (एकेका फोटॉनचा विद्युत स्पंद करणारी नळी) मिळून शंभरातले सहा मोजतात. उरतात सेकंदाला साडेचार हजार. मोनोक्रोमेटरची फट त्यातलाही काही भागच घेते, तेव्हा प्रत्यक्षात काहीशे येतील असं धरून चाला. थंड न केलेल्या फोटोमल्टिप्लायरचा अंधारातला स्वतःचा आकडाच एवढा असू शकतो. नळी थंड ठेवणं आणि फोटॉन एकेक करून मोजणं, या दोन्ही गोष्टी इथे हव्यातच.

आयन स्रोताचा फिलामेंट लाल तापलेला असतो आणि त्याचा उजेड आत परावर्तित होत राहतो. त्यामुळे प्रत्येक तरंगलांबीवर चार मोजण्या घ्या: झोत चालू व वायू आत, झोत वळवलेला व वायू आत, झोत चालू व वायू बंद, दोन्ही बंद. झोत वळवायचा म्हणजे विद्युतपट्ट्यांनी बाजूला काढायचा, स्रोत बंद करायचा नाही. पहिल्यातून दुसरी आणि तिसरी वजा करा, चौथी मिळवा. चौथी का मिळवायची? कारण अंधारातला आकडा दोनदा वजा झालेला असतो. हे काम हाताने करत बसू नका. साध्या मायक्रोकंट्रोलरवर हे चक्र बसवून द्या आणि रात्रभर चालू ठेवा.

वर्णपट घेणं आणि ओळखणं

तरंगलांबीसाठी पाऱ्याचा दिवा पुरतो: ४०४.७, ४३५.८, ५४६.१. कोणत्या रंगाला यंत्र किती संवेदनशील आहे ते काढायला प्रमाणित टंगस्टन-हॅलोजन दिवा लागतो आणि ३५० च्या खाली ड्युटेरियमचा. ही दुसरी तपासणी टाळली तर दोन पट्ट्यांची तुलना करता येत नाही, मग पुढचं अर्धं विश्लेषण बाद.

नायट्रोजनवर आयन टाकल्यावर ३९१.४, ४२७.८ आणि ४७०.९ हे तिघं एकत्र दिसले पाहिजेत. तिन्ही एकाच वरच्या पातळीतून निघतात, म्हणून त्यांची आपसातली प्रमाणं आयन कोणताही असला तरी बदलत नाहीत. ती बदलली तर संवेदनशीलतेची तपासणी चुकली आहे किंवा दुसरं काही मिसळलं आहे. ३३७.१, ३५७.७ आणि ३८०.५ हे पट्टे नायट्रोजनच्या उदासीन रेणूचे. मिथेनसारखा हायड्रोकार्बन असेल तर ४३१ च्या आसपास सीएच चा पट्टा येतो. पंपाचं तेल आत येत असेल तरीही तोच येतो, हे लक्षात ठेवा. हीलियमचा आयन स्वतः इलेक्ट्रॉन घेऊन उत्तेजित झाला तर ५८७.६, ४४७.१, ३८८.९. यातली ३८८.९ ही नायट्रोजनच्या ३८८.४ च्या पट्ट्यावर बसते, म्हणून कंपनाचा हिशोब करताना फट अरुंद ठेवा.

दाबाची परीक्षा

इथे वेळ द्या. तरंगलांबी ३९१.४ वर ठेवून पेटीतला दाब ०.००००५ पासून ०.००२ मिलिबारपर्यंत पायरीपायरीने वाढवा आणि प्रत्येक वेळी फोटॉनांच्या संख्येला आयनांच्या प्रवाहाने भागा. एका टकरीचा उजेड दाबाच्या थेट प्रमाणात वाढतो, म्हणजे शून्यातून जाणारी सरळ रेषा हवी.

रेषा वर वाकली, तर उजेडाला दोन पायऱ्या लागताहेत: आयनाने आधी एका रेणूकडून इलेक्ट्रॉन घेतला आणि तयार झालेल्या वेगवान उदासीन अणूने दुसऱ्या रेणूला धडक दिली. रेषा खाली वाकली, तर झोत पेटीतच विरतो आहे, नाहीतर उत्तेजित रेणू उजेड देण्याआधीच शेजाऱ्यावर आपटून विझतो आहे. शून्यातून गेली नाही, तर मागे उरलेला वायू किंवा भटका उजेड.

कुठपर्यंत सुरक्षित, याचा अंदाज आधीच बांधता येतो. इलेक्ट्रॉन हस्तांतरणाचा छेद दहाचा उणे पंधरावा घात चौरस सेंटिमीटर धरला, तर ०.००१ मिलिबारला सरासरी मुक्त अंतर ४१ सेंटिमीटर येतं. पेटी पाच सेंटिमीटरची असेल तर शंभरातले बारा आयन एकदा तरी धडकलेले असतात. हे जास्तच झालं. दाब निम्मा करा, म्हणजे सहावर येतं आणि मन थोडं शांत होतं.

दाब मोजायला शक्यतो कपॅसिटन्स मॅनोमीटर घ्या. आयनायझेशन गेज नायट्रोजनसाठी लावलेलं असतं. हीलियम असताना ते खऱ्या दाबाचा पाचवा-सहावा हिस्साच दाखवतं आणि तो आकडा तसाच वापरला तर छेद पाच-सहा पट मोठा निघतो.

यानंतर इलेक्ट्रॉनची परीक्षा. आयन कुठल्याही धातूच्या कडेवर आपटला, की तिथून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तेही वायूला चमकवतात. प्रोटॉनचा झोत असेल तर यावर सुरेख उपाय आहे. नायट्रोजनचा ३३७.१ चा पट्टा ज्या अवस्थेतून येतो ती ट्रिपलेट आहे (दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन समांतर) आणि मूळ रेणू सिंगलेट (सगळे स्पिन जोडीने विरुद्ध). प्रोटॉनकडे अदलाबदल करायला इलेक्ट्रॉनच नाही, त्यामुळे एका टकरीत तो रेणूला तिथे नेऊ शकत नाही. म्हणून प्रोटॉनच्या झोतात ३३७.१ ठळक दिसला, की आधी भटक्या इलेक्ट्रॉनांचा संशय घ्या, मग वेगवान उदासीन हायड्रोजनचा. पेटीच्या तोंडाशी उणे ३० ते ५० व्होल्टची कडी बसवा, फॅराडे कपालाही तशीच. हीलियम किंवा आर्गॉनच्या आयनांकडे स्वतःचे इलेक्ट्रॉन असल्यामुळे त्यांना ही परीक्षा लागू नाही. म्हणूनच नवीन यंत्राची पहिली चाचणी प्रोटॉनने घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

ऊर्जा बदलत नेताना

आयनाची खरी ऊर्जा पॉवर सप्लायच्या आकड्यावरून धरू नका. पेटीच्या जागी विरोधी व्होल्टेज देऊन प्रवाह कुठे तुटतो ते बघा, म्हणजे ऊर्जा आणि तिचा पसारा दोन्ही मिळतात. पेटीतले रेणू स्वतः हलत असल्यामुळे आणखी एक पसारा येतो आणि जड आयन हलक्या रेणूवर टाकला की तो मोठा होतो. नायट्रोजनवर हीलियम असेल तर दहा ईव्हीच्या टकरीला तो साधारण ०.६ ईव्ही पडतो. हायड्रोजनवर आर्गॉन असेल तर पाच ईव्हीलाच सव्वा ईव्हीच्या आसपास. उंबरठ्याची, म्हणजे प्रक्रिया जिथे सुरू होते त्या किमान ऊर्जेची, टोकदार पायरी मग दिसतच नाही. उंबरठे बघायचे असतील तर हलका आयन आणि जड रेणू अशी जोडी निवडा.

पट्ट्याच्या आत

मोनोक्रोमेटर ०.०५ नॅनोमीटरपर्यंत वेगळं दाखवत असेल तर ३९१.४ च्या डाव्या बाजूला रेषांची रांग दिसते, एकेकीत सुमारे ०.०६ नॅनोमीटरचं अंतर. एक रेषा ठळक, पुढची फिकट, पुन्हा ठळक, असं दोनास एक प्रमाणात. नायट्रोजनच्या केंद्रकाच्या स्पिनचा हा परिणाम आहे आणि तो दिसला की पट्टा नायट्रोजनचाच याबद्दल वाद उरत नाही. प्रत्येक रेषेच्या तीव्रतेला वरच्या व खालच्या परिवलन-अंकांची (रेणू किती फिरतो ते सांगणारे पूर्णांक) बेरीज अधिक एक, याने भागा. दोनास एकचा फरकही काढून टाका. मग तिचा नैसर्गिक लॉगॅरिदम वरच्या अंकाच्या आणि त्याहून एकाने मोठ्या अंकाच्या गुणाकारासमोर मांडा. सरळ रेषा आली तर २.९८ ला तिच्या उताराने भागून केल्व्हिनमध्ये परिवलन तापमान मिळतं.

वायू ३०० केल्व्हिनवर असताना टकरीने परिवलन अजिबात बदललं नाही, तरी उत्तर सुमारे ३१२ येतं, कारण आयनाचा परिवलन स्थिरांक रेणूपेक्षा थोडा मोठा आहे. त्यामुळे ३१० आलं म्हणून "रेणू तापला" असं लिहू नका. ४०० किंवा ५०० आलं, किंवा रेषा सरळ न येता वरच्या अंकांकडे उचलली गेली, तर मात्र आयनाने जवळून जाताना रेणूला खरंच फिरवलं आहे. कंपनाचंही तसंच. वेगवान टकरीत वरच्या अवस्थेचं कंपन जवळपास ८८ टक्के शून्याव्या पातळीवर आणि ११ टक्के पहिल्या पातळीवर असतं. वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या खाली गेला, की पहिल्या पातळीचा वाटा वाढू लागतो. हे मोजायला ४२३.६ आणि ४२७.८ ची जोडी वापरा, तिथे हीलियमची रेषा आड येत नाही.

उजेड कुठून निघतो

लक्ष्य-रेणूचा उजेड जिथे टक्कर झाली तिथेच निघतो: ६२ नॅनोसेकंदांत नायट्रोजनचा आयन मिलिमीटरचा जेमतेम तिसावा-चाळीसावा भाग सरकतो, म्हणजे एका केसाच्या जाडीच्याही आत राहतो असं समजा. आयन स्वतःच उजेड देत असेल तर गोष्ट वेगळी. शंभर ईव्हीचा प्रोटॉन इलेक्ट्रॉन घेऊन तिसऱ्या पातळीच्या एस अवस्थेत गेला, तर तिचं आयुष्य १५८ नॅनोसेकंद आहे आणि तेवढ्यात तो सव्वादोन सेंटिमीटर पुढे जातो. पी अवस्थेचं आयुष्य ५.३ नॅनोसेकंद, ती एका मिलिमीटरच्या आत विझते. त्यामुळे पेटीच्या तोंडाशी एच-अल्फा कमी आणि शेवटाकडे जास्त दिसते. खिडकी लांब ठेवा आणि दोन-तीन जागी मोजा.

उजेड कोणाचा हे डॉप्लर परिणामावरूनही कळतं. एक हजार ईव्हीच्या हायड्रोजनची एच-अल्फा झोताशी ४५ अंशात बघितली तर जवळपास ०.७ नॅनोमीटर सरकलेली दिसते. रेणू फुटून निघालेल्या संथ हायड्रोजनची जागेवरच असते. दोन्ही शेजारी दिसल्या, की आयनाचा वाटा किती आणि रेणूचा किती हे सरळ मोजता येतं. काटकोनात बघणाऱ्याला ही सोय नाही, म्हणून उद्यमनगरात पेटी करून घेतानाच ४५ अंशांची एक जादा खिडकी ठेवा.

छेदाचा निरपेक्ष आकडा काढायचा असेल तर उजेडाचं ध्रुवीकरणही बघावं लागतं, कारण काटकोनात मोजलेली तीव्रता सगळ्या दिशांची सरासरी नसते. झोताशी ५४.७ अंशांच्या कोनात मोजलं तर ध्रुवीकरणामुळे येणारा दिशांचा फरक उरत नाही. मात्र ग्रेटिंगची स्वतःची ध्रुवीकरणाची आवड तेव्हाही वेगळी तपासावी लागते. बहुप्रभारित आयन हवे असतील तर नवी दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात कमी ऊर्जेच्या आयन झोताची सुविधा आहे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ईसीआर (इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन रेझोनन्स) आयन स्रोत आहे. वेळ मागताना वरचा फोटॉनांचा हिशोब अर्जाला जोडा.

सुरक्षितता

आयन स्रोत आणि त्याचे सगळे पॉवर सप्लाय उच्च व्होल्टेजवर तरंगत असतात. हात लावण्याआधी मेन बंद करा, अर्थिंगची काठी टेकवा, मग झाकण काढा. हायड्रोजन वापरताना रोटरी पंपाची हवा पाइपने बाहेर सोडा. कार्बन मोनॉक्साइड वापरत असाल तर खोलीत अलार्म हवाच. त्याला वास नसतो.

फक्त डिस्चार्ज ट्यूब असेल तर

कॉलेजांत १५,००० रेषा प्रतिइंचाचं ग्रेटिंग असतंच. त्यावर पहिल्या क्रमात ४२७.८ चा पट्टा १४ अंश ३८ मिनिटांवर येतो, ४७०.९ चा १६ अंश ९ मिनिटांवर आणि एच-अल्फा २२ अंश ४८ मिनिटांवर. ३९१.४ चा १३ अंश २२ मिनिटांवर असतो, पण डोळ्याला तो जेमतेम दिसतो, मोबाइलचा कॅमेरा लावून बघा. एका नॅनोमीटरला दोनच मिनिटं मिळतात, त्यामुळे शेजारच्या उदासीन नायट्रोजनच्या पट्ट्यांशी गल्लत होते. म्हणून कोनाबरोबर जागाही बदलून बघा: कॅथोडजवळच्या निळसर चकाकीत आयनाचे पट्टे ठळक असतात, नळीच्या मधल्या गुलाबी भागात उदासीन रेणूचे.

यातला बहुतेक उजेड इलेक्ट्रॉनांचा असतो. आयनांचा बघायचा तर ॲल्युमिनियमच्या कॅथोडला एक-दोन मिलिमीटरचं छिद्र पाडून घ्या आणि त्याच्या मागच्या बाजूला बघा. १८८६ मध्ये गोल्डस्टाइनला कॅनाल किरण, म्हणजे छिद्रातून मागे येणारे आयन, असेच दिसले. दोन-तीन हजार व्होल्ट, प्रवाहाला रोधकाची मर्यादा आणि खोली पूर्ण अंधारी. फिकट पट्टा दिसला की साधं पट्टीचुंबक जवळ न्या. इलेक्ट्रॉनांचा उजेड लगेच वाकतो, आयनांचा जवळजवळ हलत नाही. या नळीत अर्धा मिलिबार दाब असेल तर मुक्त अंतर एका मिलिमीटरपेक्षाही कमी असतं, म्हणजे आयन वाटेत अनेकदा धडकतो आणि दाबाच्या परीक्षेत ही नळी नापास होते. प्रोजेक्टमध्ये कोन, नळीतली जागा आणि चुंबकाची चाचणी यांची नोंद द्या. छेदाचा आकडा या नळीतून काढू नका.